अंगठा जुळत नाही

करामा, दुबई
बुधवार, २४ सप्टेंबर २०२५

विसरभोळ्या ईशानीस, आजीचे आशीर्वाद.

जुलैत भांडून गेलीस तेव्हा इथे चार वस्तू विसरलीस. फोनचा चार्जर, पाण्याची बाटली, एका कानातलं आणि आजी. पहिल्या तिन्हींसाठी तुझ्या आईला मेसेज आले. चौथी अजून खिडकीशी ठेवलेली आहे. धूळ तेवढी पुसतात.

आता कागद कुठून आला म्हणून डोळे मोठे करू नकोस. मी सांगते आहे आणि शेजारची सुलक्षणा लिहिते आहे. शनिवारी ती इथल्या पोरांना मराठी शिकवते, म्हणून अक्षर सुरेख आणि कान तिखट. तुझ्या आईकडून नाही लिहवून घेत, कारण अनुपमा लिहिता लिहिता सुधारते. मी भवानी म्हटलं की ती बेटा लिहील. फोन मला नको. फोनवर तू "या आजी, शुअर आजी" करतेस, मागून कुणी हाक मारली की खलास. कागद मधेच कापता येत नाही. सूर्यकांत दर गुरुवारी गाडीतून पापड-मसाले घेऊन अबुधाबीला येतो, त्याच्या हाती देईन.

तर तुझं ते लायसन. जुलैत तू समजावत होतीस आणि मी रागात ऐकत नव्हते, पण कान बंद नव्हते. ज्या म्हाताऱ्यांचं डोकं चालेनासं झालं आणि मागे कुणी नाही, त्यांचं घर, औषध, सही, सगळं कोर्टाच्या हुकमाने बघणारं पगारी माणूस. मराठीत काय म्हणतात विचारलं तर तू म्हणालीस, पालक. मला पालक म्हणजे भाजी ठाऊक. एवढी शिकून पोरगी जुडीवर आली म्हणायची.

आणि त्या जुडीला नियम किती! दोनशे तासांची शाळा. परीक्षा. डॉक्टरचा दाखला. विमा. दर तीन महिन्यांनी म्हातारीने काय खाल्लं, किती झोपली, त्याचा कोर्टाला अहवाल. वर पोलिसांचा दाखला, की ही मुलगी प्रामाणिक आहे. पोलिसांना काय विचारता, मला विचारा. सिन्नरला बेसनाच्या लाडवांचा डबा तळापासून रिकामा करून वर दोन लाडू कुणी रचून ठेवले होते, ते पोलिसांना काय माहीत!

इथवर ठीक. पण तो शेवटचा नियम. ज्याला लायसन हवं, त्याच्याकडे घरच्या कुणाचंही मुखत्यारपत्र असता कामा नये. परक्यांचं बघायचं तर घरच्यांचं सोडा. का, तर म्हणे कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट. मी म्हटलं, व्याजावरून कसलं भांडण? तेव्हा तू हसलीस. मग माझं मुखत्यारपत्र रद्द करायचा कागद पिशवीतून काढलास आणि माझं हसू गेलं.

सहा वर्षांपूर्वी तुझे आजोबा गेले, गुणवंत मला इकडे आणायला निघाला, तेव्हा सिन्नरच्या तहसील कचेरीत साहेबाने विचारलं होतं, मुखत्यार कोण? पोटचा मुलगा शेजारी उभा होता. मी म्हटलं, नात. बँक, दवाखाना, उद्या ऑपरेशनची वेळ आली तर होय की नाही म्हणणं, सगळं ईशानीच्या हाती. गुणवंताचा चेहरा पडला होता, तरी म्हटलं. आणि तूच म्हणाली होतीस, "आजी, तुझं डोकं गेलं ना, तरी मी आहे."

डोकं जाग्यावर आहे आणि तूच चाललीस. माझ्याकडूनच अंगठा घेऊन. इतक्या वर्षांत सोडचिठ्ठ्या पुष्कळ पाहिल्या, पण नातीने आजीला दिलेली ही पहिली.

आणि कुणासाठी? तर त्या जहांआरासाठी, जिची पालक तुला व्हायचंय. जुलैतल्या त्या शनिवारी तू चार तास घरात होतीस. त्यातले तीन तास जहांआरा. जहांआराआंटी हैदराबादच्या, जहांआराआंटींना मूलबाळ नाही, जहांआराआंटींना मोगऱ्याचं तेल लागतं, जहांआराआंटींची नखं मी कापते. मी माझे हात पदराखाली घेतले, तुला दिसलंसुद्धा नाही. माझी नखं तेव्हा कोयत्यासारखी वाढली होती.

अंगठ्याचा विचार करते. घाई करू नकोस.

तुझी (अजून तरी) आजी


बुधवार, १ ऑक्टोबर २०२५

चि. ईशानीस,

घे बाई. दिला अंगठा.

काल गुणवंत मला खालच्या टायपिंग सेंटरमध्ये घेऊन गेला. दसऱ्याच्या आधी शुभ काम. तिथली फिरदोस मोठी गोड मुलगी. माझ्यासाठी खुर्ची पुसली, म्हणाली, "अम्मा, आप आराम से." तिने कागद वाचून दाखवला. मी, भागीरथी दौलत भोईटे, राजीखुशीने माझ्या नातीला दिलेले सर्व अधिकार काढून घेते. राजीखुशीने! तो शब्द कुणी घातला गं? तू घातलास की सरकारने?

शाई लावली, अंगठा टेकवला, फिरदोसने फडक्याने पुसून दिला. गुणवंत तेव्हा दारात उभा राहून अल कुसैसच्या साईटवरच्या कुणावर तरी ओरडत होता, "यल्ला यार, सिमेंट कहां है!" त्याच्या आईने आयुष्यातला सगळा कारभार सोडला आणि त्याला सिमेंट हवं होतं.

कागद सोबत पाठवते आहे. झालं ना मनासारखं? आता जा आणि घाल तेल तिच्या डोक्याला.

मी रागावलेली नाही. सुलक्षणा म्हणते, आजी, तुम्ही फार गोड बोलताय आज. म्हटलं, वय झालं, माणूस गोड होतं. डॉक्टरही तेच म्हणतो, साखर वाढली.

अबुधाबीत मोगऱ्याचं तेल कुठलं मिळतं? माझ्या डोक्याला सहा वर्षं पॅराशूटच आहे. सहज विचारलं.

आजी


बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५

ईशानी,

तू फोनवर जे विचारलंस त्याचं उत्तर लिहून देते, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस.

लायसनच्या कचेरीवाले म्हणतात अंगठा जुळत नाही, तर न जुळो. सिन्नरच्या कागदावर सहा वर्षांपूर्वीचा अंगठा आहे. सहा वर्षांत माणूस बदलतो, अंगठा नाही बदलणार? सात वर्षांची असल्यापासून भाकऱ्या थापल्या, मिरच्या कांडल्या, शेणाने सारवलं. त्या रेघा राहिल्यात कुठे? गुणवंताच्या ऑफिसातलं हजेरीचं मशीनसुद्धा गवंड्यांचा अंगठा घेत नाही, तोच सांगत होता. त्यांच्या भिंगाला दिसत नसेल तर भिंग बदला म्हणावं.

तू म्हणालीस, "आजी, प्लीज, थिंक. त्या दिवशी काही वेगळं झालं का?" काय वेगळं व्हायचंय? बसले, टेकवला, उठले.

आणि हे "दे थिंक आय फोर्ज्ड इट" काय आहे? सुलक्षणाने अर्थ सांगितला. तू कुणा भलत्याच बाईचा अंगठा घेतलास असं त्यांना वाटतं म्हणे. वाटू दे. खरं असेल ते बाहेर येईल.

तुझा आवाज बसला होता. आल्याचा रस घे.

दिवाळीला येतेस की तिथेच दिवा लावणार, तिच्या घरात?

आजी


शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

ईशे,

गुरुवारची वाट बघवत नाही म्हणून सूर्यकांतला फोन केला. म्हणाला, उद्या एक जादा फेरी आहे, द्या.

सुलक्षणाला म्हटलं, आज जे सांगते त्यातला एक शब्द गाळायचा नाही. तिने लेखणी ठेवली, मला पाणी दिलं, मग पुन्हा उचलली.

तो अंगठा उजवा आहे.

सिन्नरला डावा दिला होता. मला पक्कं आठवतं. साहेबाने माझं मनगट धरून टेकवला होता, आणि बाहेर येताना शाई तुझ्या ओढणीला लागली म्हणून तू कुरकुरलीस. फिरदोसने मला विचारलंसुद्धा होतं, "अम्मा, पुराने कागज पे कौन सा था?" मी हा हात वर केला. उजवा. हसून केला. तिला काय माहीत? गुणवंत सिमेंटात होता.

मला वाटलं, कागद परत येईल. पुन्हा टायपिंग सेंटर, पुन्हा कागद, असे दोन-चार महिने जातील. तोवर तू कंटाळशील, नाहीतर ती जहांआरा. बोलून टाकते, सगळंच बोलायचं ठरलंय आज. तोवर ती जाईल, असंही मनात आलं. म्हातारीच आहे ती. मीही म्हातारीच आहे, पण मला माझी आठवण आली नाही त्यावेळी.

तुझ्यावर बालंट येईल हे मला कळलं नव्हतं. ही शपथ.

आणि कळल्यावर? बुधवारचं पत्र कळल्यावरचं आहे. फोनवर तुझा तो आवाज ऐकूनही मी भिंगाला दोष दिला. काल सकाळी तुझी आई ओट्याशी गुणवंताला सांगत होती, की ईशानी अर्ज मागे घेते म्हणते. आजीला अबुधाबीला बोलावून चार माणसांत उभं करून प्रश्न विचारायचे, ते तिला नको. खोटं ईशानीनेच केलं असं त्यांनी लिहिलं तरी तिला चालेल म्हणे. मग पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

मी पलंगावर बसून ऐकत होते. आणि ईशे, मला आनंद झाला. लिही सुलक्षणा, आनंद झाला. मला हवं होतं तेच झालं होतं. लायसन नाही, जहांआरा नाही, आणि सिन्नरच्या कागदावर तू माझीच. सबंध सकाळ मी खुशीत होते. दोन वाट्या आमटी प्यायले.

दुपारी सूनबाई बँकेचा काहीतरी कागद घेऊन आली, "आई, इथे अंगठा लागतो." मी हात पुढे केला आणि मला कळेना कुठला पुढे करू. माझा हात, आणि मला कळेना.

तुम्हा लोकांना सही असते. घाईत एक, निवांत एक. चुकली तर पुन्हा करता. मला अक्षर येत नाही. दुकानदारापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला तो या एका डागावर. तोंडाने मी लाख खोटं बोलले असेन. तुझ्या आजोबांशी तर रोज. अंगठ्याने पहिल्यांदाच बोलले. तेही तुझ्याविरुद्ध.

अर्ज मागे घेऊ नकोस. मी येते. गुणवंत म्हणतो, टॅक्सीला तीनशे दिरहम, म्हणजे सात हजार रुपये, एका अंगठ्याला सात हजार! म्हटलं, सूर्यकांतच्या गाडीत पापडांच्या शेजारी बसून येईन. कचेरीत फक्त विचारून ठेव, गुडघे दुखतात, खुर्ची मिळेल ना.

आजी


बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. ईशानीस,

परवा तुझा मेसेज आला. लायसन मिळालं. गुणवंताने मोठ्याने वाचून दाखवला, आणि अनुपमाने देवापुढे साखर ठेवून ती मला सोडून सगळ्यांना वाटली. अभिनंदन. एवढं एक वाक्य सुलक्षणाने स्वतःहून मोठ्या अक्षरात काढलंय, मी तसं सांगितलेलं नाही.

आता त्या दिवशी कचेरीत तुला बाहेर बसवलं होतं तेव्हा आत काय झालं, ते ऐक. तू दहादा विचारलंस आणि गाडीत मी झोपेचं सोंग केलं.

टेबलापलीकडे ती चौकशीवाली हिबा. काळा अबाया, नखं लाल, आणि हिंदी माझ्याहून बरी. तिने दोन्ही कागद समोर ठेवले. एकावर डावा, एकावर उजवा. माझे दोन्ही अंगठे तिच्या यंत्रावर घेतले, आणि ते दोन्ही जुळले, आपापल्या कागदाशी. तिने मान वर केली.

"दोनों आपके हैं?"

"दोन्ही माझेच. हैं."

"ईशानी ने बोला था, ये वाला लगाओ?"

"उसको पता भी नहीं."

"फिर क्यूं, मामा?" मामा म्हणजे त्यांच्यात आई.

मी घरून सांगायला तयार करून आणलं होतं. म्हातारपण, नजर, विसर पडला. विसराला इथे कुणी नावं ठेवत नाही, तो तर तुमचा धंदाच. पण तोंडातून निघालं, "जलन."

तिला वाटलं अंगठ्याची आग होते. म्हणाली, "मेडिसिन चाहिए?" मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "यहां की जलन." काचेतून बाहेर दाखवलं. तू भिंतीशी बसली होतीस आणि चाकाच्या खुर्चीतल्या बाईच्या पायावरची शाल सारखी करत होतीस. हिबाने वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने अरबीत कागदावर काहीतरी लिहिलं, उजवीकडून डावीकडे. विचारलं, काय लिहिलंस बाई? म्हणाली, "कारण. जो आपने बोला." म्हणजे तुझ्या सरकारी फाईलमध्ये आता शिक्क्यासहित लिहिलेलं आहे, की हिच्या आजीचा जीव जळतो. पुसता येणार नाही ते.

मग तिने नवा कागद ठेवला. मी डावा अंगठा पुढे केला. कुणी मनगट धरलं नाही. माझा मीच टेकवला.

दुसरी गोष्ट तू झेरॉक्सला गेलीस तेव्हाची. जायच्या आधी तुझ्या जहांआराबाईंनी विचारलं होतं ना, "ये कौन हैं?" तू म्हणालीस, "मेरी दादी." त्या म्हणाल्या, "इनका सब कौन देखता है?" तू एकदा हिबाच्या काचेकडे बघितलंस आणि म्हणालीस, "अब मैं नहीं देखती." बरोबर बोललीस, नियमाने बोललीस. मी मात्र सबंध रस्ताभर तेच चावत आले.

तू गेलीस. आम्ही दोघी उरलो. मी त्यांना निरखून बघितलं. एवढे दिवस जिच्यावर जळले ती दिसते तरी कशी. गोऱ्या आहेत, मान्य. केस माझ्याहून कमी. मोगऱ्याचा वास येत होता. त्या वाकल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "आपा, आपके पास कोई नहीं? मेरी वाली ले लीजिए. बहुत अच्छी बच्ची है." मग कपाळ चोळलं. "नाम याद नहीं आता."

मी म्हटलं, "ईशानी."

"हां. ईशानी." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "आपा, आपके पास कोई नहीं?"

तू येईपर्यंत तीन वेळा त्यांनी तुला मला देऊन टाकलं आणि तीन वेळा मी तुझं नाव सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "रखिए आप. आपको जरूरत है." हे मी का म्हटलं ते मला विचारू नकोस. लगेच वाईट वाटलं. आजही वाटतं. सुलक्षणा म्हणते, आजी, आता तरी राग गेला ना? राग गेला, जळणं नाही गेलं. ज्या बाईला तुझं नाव आठवत नाही, तिच्यावर जळते मी. बघ किती खाली आले.

माझा मुखत्यार आता गुणवंत आहे. पहिल्याच आठवड्यात रक्तदाबाच्या गोळ्या दोनदा दिल्या आणि एकदा दिल्याच नाहीत. शिकेल. मी शिकवीन. तुला नाही सांगणार काही, तुझ्या नियमात बसत नाही.

पण निघताना मी एकटी त्या हिबाकडे परत गेले होते, तू लिफ्टपाशी उभी असताना. तिला विचारलं, बाई, हिने माझी बँक बघायची नाही, दवाखाना बघायचा नाही, सही करायची नाही. समजलं. खायला घातलं तर चालेल का? तिने पुस्तक उघडल्यासारखं केलं, पानं उलटल्यासारखी केली, आणि म्हणाली, "मामा, खाने का कोई कानून नहीं."

तेव्हा ऐक. पुढच्या गुरुवारी सूर्यकांतच्या परतीच्या गाडीतून डबा यायला हवा. जहांआरांना शुक्रवारी करून घालतेस त्या शेवया मला नकोत, साखर आहे. मेथीची भाजी, परतलेली, लसूण ठेचून, आणि दोन भाकऱ्या. ज्वारीचं पीठ तिथे लुलूच्या दुकानात मिळतं, अनुपमाने सांगितलंय. भाकरी फाटली तरी चालेल, पण बाजारची नको, मला कळतं. आणि आधी माझा डबा भर, मग तिला वाढ.

आजी